रात्रभराचे प्रल्हाद शिंदे

प्रल्हाद शिंदे म्हटले की बहुतेकांना आषाढी आठवते, नाहीतर सत्यनारायणाच्या मांडवातला कर्णा. हा आवाज आपल्यापर्यंत तबकडी आणि कॅसेटमधून पोहोचला, म्हणून ते भक्तिगीतगायक ठरले. कल्याण-ठाण्याच्या वस्त्यांना मात्र ते सामन्याचे कव्वाल आणि भीमगीतांचे गायक म्हणूनही ठाऊक होते.

जन्म १९३३चा, मंगळवेढ्याचा. गाणे घरातच होते. पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते कोरसला बसले. आझाद म्हणजे १९५८च्या ‘अल हिलाल’मधल्या कव्वालीने देशभर गाजलेले. कोरसची ही उमेदवारी समजून घ्यायला हवी. ध्रुपद कोरस उचलतो, तेवढ्यात मुख्य गायक दम घेतो आणि पुढचा अंतरा मनात जुळवतो. कोरस ढिला पडला की गायक उघडा पडतो. खालून वर आलेल्या गायकाला हे दोन्हीकडून कळते.

सामना म्हणजे दोन पार्ट्या, प्रत्येकीची पेटी, ढोलक, बेंजो आणि टाळ्या. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो फेडायचा. श्रोत्यांना जवाब पटला तर नोटा येतात, नाही पटला तर तेही लगेच कळते. तबकडीवर तीन-चार मिनिटांत उरकणारे गाणे इथे वाटेल तितके लांबते, कारण ते कुठे थांबवायचे हे समोरची माणसे ठरवतात. १४ एप्रिलपासून जयंत्यांचा हंगाम सुरू झाला की याच घडणीत भीमगीते येत. वामनदादा कर्डकांसारख्यांचे शब्द निरक्षर श्रोत्यालाही एका रात्रीत पाठ होत, ते कोरसने ध्रुपद पुन:पुन्हा घोळवल्यामुळे.

आंबेडकरी गायकाने देवादिकांची गाणी गायिली, यावर अजून वाद घालतात. मला तो वाद अर्धवट वाटतो. बाजारात काय आणायचे हे कंपनी ठरवत होती. त्यावरून मांडवातल्या माणसाचा निवाडा कसा करायचा?

१९३३ हेच जेम्स ब्राउनचेही जन्मवर्ष. सोल-फंकचा हा बादशहा. प्रत्यक्ष मैफलीची तबकडी काढायला त्याची कंपनी पैसे देईना, तेव्हा पदरचे पैसे घालून त्याने २४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करवून घेतला. म्हणून आज गाण्याइतक्याच श्रोत्यांच्या किंकाळ्याही ऐकू येतात. आपल्याकडच्या कंपन्यांनी गायकाला स्टुडिओत नेले आणि मांडव बाहेरच ठेवला.

मग २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद; वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. कानांना आराम मिळाला हे खरेच. पण उजाडेपर्यंत रंगणारा सामना बारापर्यंत कसा आटोपणार?

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले, २३ जूनला प्रल्हाद शिंदे. आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांनी घराण्याचे गाणे पुढे नेले. कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीत ज्यांच्या माळ्यावर घरच्या टेपरेकॉर्डरने मांडवात भरलेल्या कॅसेटी असतील, त्यांनी फीत चिकटायच्या आत त्या उतरवून घ्याव्यात आणि वेष्टनावर वस्ती, तारीख आणि समोरच्या पार्टीचे नाव लिहावे. सामना एकट्याचा नसतो.