किनारा साफ करायला सगळे आलो, सुनावणीला सहाजणच गेलो



बंदीचे दिवस आहेत. होड्या वर ओढून झाकल्यात, जाळ्यांची डागडुजी चालू आहे. ३१ जुलैपर्यंत सगळ्यांना जरा उसंत आहे म्हणून हे थोडं लांब लिहितो आहोत. सवडीने वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

गेल्या वर्षी आपण रविवारचा दिवस धरून किनारा साफ केला, आठवतं ना? पोरं, बायका, म्हातारी माणसं, शाळेचे शिक्षक, सगळे आले. टेम्पो भरून प्लास्टिक, तुटकी जाळी आणि थर्माकोल निघाला. नंतर चहा-भजी झाली, पेजवर फोटो पडले. चांगलंच झालं. पण त्याच महिन्यात खाडीच्या तोंडाजवळच्या एका बांधकामाची जनसुनावणी होती. वार कामाचा, वेळ सकाळची. होड्या समुद्रात आणि बायका बाजारात. आपल्या संस्थेतून गेले फक्त सहाजण. त्यातले दोघे बोलले. एकजण खूप तापला, दहा मिनिटं बोलला, टाळ्याही मिळाल्या. पुढे सुनावणीचा लेखी वृत्तांत आला तेव्हा त्या दहा मिनिटांचं एकच वाक्य झालं होतं, ‘स्थानिक मच्छीमारांनी विरोध दर्शवला.’ कशाला विरोध, का विरोध, काय नुकसान, काही नाही.

यात चूक आमचीही आहे. नोटीस पेपरात आली होती, पंचायतीच्या फळ्यावर लागली होती. आम्ही ऑफिसात बसून ती पाहिली नाही. पाहिली तेव्हा चार दिवस उरले होते. असं पुन्हा होऊ नये म्हणून जनसुनावणी म्हणजे काय, ती आपल्याला का लागते आणि तिथं जाऊन काय करायचं, ते सगळं नीट मांडतो.

वास्कोत काय घडलं

सुनावणीने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी वास्कोची गोष्ट ऐकावी. मुरगाव बंदरात मोठी, कॅपसाइज म्हणतात ती कोळशाची जहाजं यावीत म्हणून तिथल्या जलमार्गाची खोली चौदा मीटरच्या आसपास होती ती वीस मीटरच्या आसपास करायचं ठरलं. म्हणजे समुद्राचा तळ पाच-सहा मीटर खाली खोदायचा. या कामाला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली, पण जनसुनावणी न घेता.

त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेलं? कुठला मोठा पक्ष किंवा दिल्लीची संस्था नाही. वास्कोतल्या होडीवाल्यांची एक सहकारी संस्था गेली. आपल्यासारखीच. तिथंही एक चेअरमन, एक सेक्रेटरी, सभासदांची वही आणि डिझेलचे हिशेबच असणार. सप्टेंबर २०१६ मध्ये लवादाने ती मंजुरी रद्द केली. लोकांचं म्हणणं ऐकायचं टाळून एवढं मोठं काम पुढे नेता येणार नाही, हा त्यातला मुद्दा होता.

त्यानंतर २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यात वास्कोत बंदराच्या प्रकल्पांच्या जनसुनावण्या झाल्या. त्यात हा खोली वाढवायचा प्रकल्पही होता. लोक इतके आले, इतके बोलले, की सुनावणी दिवसांमागून दिवस चालली. मच्छीमार होते तसे शहरात राहणारे, खिडकीवर काळी धूळ पुसणारे लोकही होते. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही हाक त्या सुमाराला घराघरात पोचली ती उगीच नाही.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. कोळशाच्या वाहतुकीशी जोडला गेलेला तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे हा दुपदरी रेल्वेमार्ग. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर जमले, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच वेळी दुसरीकडे काही माणसं नकाशे, अहवाल, जंगलाचे आकडे घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या समितीसमोर बसत होती. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने या मार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. नवा अभ्यास करून रेल्वे परत येऊ शकते, ती वाट न्यायालयाने बंद केलेली नाही. तरी थांबवलं हे खरं.

दोन्ही ठिकाणी मोर्चाही होता आणि कागदही होता. आपण मोर्चाला आणि साफसफाईला जातो, कागदाच्या वेळी मात्र घरी असतो. आमचं सांगणं एवढंच आहे.

सुनावणी कधी लागते

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे बंदरं, मोठे धक्के, लाटरोधक बंधारे आणि नवीन खोदकाम यांना आधी पर्यावरण मंजुरी लागते आणि बहुतेक मोठ्या कामांना त्यासाठी जनसुनावणी लागते.

इथं एक शब्द लक्षात ठेवा. गाळ काढणं दोन प्रकारचं. दरवर्षी साचलेला गाळ काढून जुनी खोली राखणं, ही झाली देखभाल. मूळ प्रकल्पाच्या मंजुरीत ती धरलेली असेल तर तिला वेगळी मंजुरी लागत नाही. पण पूर्वी नव्हती एवढी खोली नव्याने खोदायची असेल तर मंजुरी लागते. म्हणून कोणी ‘नेहमीचाच गाळ काढतोय’ म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा, आत्ता किती मीटर आहे आणि काम झाल्यावर किती होणार?

नोटीस ते सुनावणी

सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. त्याचे नियम असे आहेत.

१. किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती एका मोठ्या राष्ट्रीय पेपरात आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात येते.

२. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत किंवा पालिका, जिल्हा उद्योग कार्यालय अशा ठिकाणी बघायला ठेवावा लागतो. त्याचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असावा लागतो. मागायचा आपला हक्क आहे. लाजायचं नाही.

३. ज्यांना येता येत नाही त्यांनी लेखी म्हणणं मंडळाकडे पाठवायचं. पोच घ्यायची. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

४. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा निदान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो. सगळ्याचं व्हिडिओ चित्रण होतं.

५. किती माणसं आली म्हणजे सुनावणी झाली, अशी काही संख्या ठरलेली नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण रागाने गेलो नाही, बहिष्कार टाकला, तरी सुनावणी झाली असंच लिहिलं जातं. हजर असलेल्यांची नोंद तेवढी होते.

६. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी द्यावी लागते. शेवटी वृत्तांत स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगावा लागतो आणि अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्यावर सही करायची असते.

गेल्या वेळी वृत्तांत वाचायची वेळ आली तोवर आपले सहाही जण निघून गेले होते. होड्या लागायची वेळ झाली होती, समजू शकतो. पण तिथं एकजण जरी थांबला असता तर ‘माझा मुद्दा नीट लिहा’ असं सांगता आलं असतं.

तिथं बोलायचं काय

तिथं भाषण नको, माहिती द्या. कोकणीत बोला, मराठीत बोला, आपल्या घरच्या बोलीत बोला, काही बिघडत नाही.

सुरुवात अशी करा. नाव, गाव, होडीचा नोंदणी क्रमांक, किती वर्षं मासेमारी. मग आपल्या जागेचं सांगा. कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत जाळं टाकतो, कुठल्या महिन्यात काय मिळतं, किती खलाशी, किती घरं त्यावर चालतात. रापण कुठं ओढतो, होडी कुठं लावतो. हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण सरकारी कागदावर कुठंच नसतं. कागदावर नाही म्हणजे त्यांच्या लेखी तिथं कोणी मासेमारी करतच नाही.

मग प्रश्न विचारा. आम्ही काही लिहून ठेवलेत.

खोदलेला गाळ समुद्रात नेमका कुठं टाकणार? ती जागा आमच्या जाळ्यांच्या जागेपासून किती लांब? काम किती महिने चालणार आणि कुठल्या महिन्यांत? त्या काळात होड्यांना येण्याजाण्याची वाट कुठून? पाणी गढूळ झाल्यावर तिसऱ्या आणि कालवं जगतात का, ते कोणी तपासलं? मोठी जहाजं आल्यावर आम्हाला कुठल्या पट्ट्यात बंदी येणार? अहवालात मच्छीमारांची संख्या किती धरली आणि ती कुठून घेतली?

आणि एक प्रश्न विसरू नका. पाहणी कुठल्या महिन्यात केली? जून-जुलैत कोणी येऊन किनाऱ्यावर उभा राहिला तर त्याला पाण्यात एकही होडी दिसणार नाही. तो खरंच लिहील की ‘मासेमारी आढळली नाही’. आणि नुसती डिसेंबरात पाहणी केली तर पावसाळ्यात खाडीत शिरणारी मासळी, तिची पिल्लं, काहीच दिसणार नाही.

असा प्रत्येक नेमका प्रश्न वृत्तांतात लिहिला गेला की कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. लोकांनी काढलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना धरून अंतिम अहवालात बदल करावे लागतात. तो वृत्तांत पुढे मंजुरी देणाऱ्या समितीसमोर जातो, आणि उद्या लवादात गेलो तर तोच पुरावा. ‘मुर्दाबाद’ला उत्तर द्यावं लागत नाही. ‘गाळ कुठं टाकणार’ला द्यावं लागतं.

बायकांनी यायलाच हवं

मासळी धरतो पुरुष, पण तिचे पैसे करते बाई. कुठल्या दिवशी टोपली अर्धी राहिली, सुंगटाचा भाव कधी चढला, बाहेरून आणलेली बर्फाची मासळी कधी विकावी लागली, हा हिशेब बाजारात बसणाऱ्या बाईकडे असतो. सुकी मासळी घालायला वाळूची किती जागा लागते ते तिलाच माहीत. गेल्या वेळी आपल्या संस्थेतून एकही बाई बोलली नाही, कारण आम्ही कोणाला सांगितलंच नाही. पुढच्या वेळी निदान चारजणींची नावं आधी ठरवू आणि त्या दिवशी त्यांची बाजारातली जागा कोण सांभाळणार तेही ठरवू.

सुनावणीनंतर

सुनावणी म्हणजे मतदान नाही, हेही साफ सांगतो. सगळे विरोधात बोलले तरी मंजुरी मिळू शकते. मिळाली तर मंजुरीच्या पत्रातल्या अटी वाचायच्या, कारण मच्छीमारांच्या वाटेबद्दल, गाळाबद्दल त्यात अटी असू शकतात आणि त्या पाळल्या जातात का ते आपणच बघायचं.

मंजुरीच चुकीची वाटली तर हरित लवादात अपील करता येतं. त्याला मुदत ३० दिवसांची. सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो, त्यापुढे नाही. आपल्या भागासाठी लवादाचं खंडपीठ पुण्याला आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये आहे. वकिलाचा खर्च वेगळा, पण दाराशीच लाखभर लागतात ही समजूत खोटी आहे. तारखा मात्र पाळायला हव्यात. आपली माणसं ‘बंदी संपू दे, मग बघू’ म्हणतात आणि मुदत निघून जाते.

आता आपण काय करायचं

संस्थेने ठरवलं आहे ते असं. ऑफिसात रोज दोन पेपर येतील आणि नोटिसांचं पान वाचायची जबाबदारी सेक्रेटरीची, म्हणजे आमची. चुकलं तर सभेत विचारा. नोटीस दिसली की त्याच दिवशी या पेजवर टाकू.

दुसरं, बंदीच्या याच दिवसांत एक वही करायची आहे. प्रत्येक होडीमागे एक पान. नोंदणी क्रमांक, जाळ्याचा प्रकार, कुठल्या महिन्यात कुठं जातो, काय मिळतं, किती माणसं. रापणकारांची पानं वेगळी, मासळी विकणाऱ्या बायकांची वेगळी. जुन्या तांडेलांनी पूर्वी काय मिळायचं तेही सांगावं, पोरं लिहून घेतील. कुणाच्या चांगल्या जागेचं गुपित फुटणार नाही. मोठ्या खुणा दिल्या तरी पुरे, आणि वही ऑफिसच्या कपाटात राहील. सुनावणी येवो न येवो, ही वही आपल्याजवळ असायला हवी.

किनारा साफ करायचं काम यंदाही आहेच, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी येताना होडीची नोंदणीची कागदपत्रं घेऊन या. आधी कचरा उचलू, मग बसून पानं भरू. चहा-भजी संस्थेकडून.

आपला,
सेक्रेटरी, संस्थेच्या वतीने