गणेशखिंडीतील गव्हर्नर निवास : दगडी वास्तू आणि अश्वव्यवस्था

विश्रांतवाडीनजीक येरवड्याच्या माळावर डेक्कन कॉलेजची दगडी इमारत उभी आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते १८६४ साली तिची पायाभरणी झाली. त्याच वर्षी मुळेपलीकडे गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या पावसाळी निवासाचे बांधकाम सुरू झाले. ते १८७१ साली पूर्ण झाले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाते ती हीच वास्तू होय. दोन्हींचा दगड दख्खनचाच, बेसॉल्ट. परंतु महाविद्यालयासाठी गॉथिक शैलीच्या टोकदार कमानी, तर निवासासाठी इटालियन वळणाच्या गोल कमानी व सुमारे ८० फूट उंचीचा मनोरा, अशी भिन्न निवड करण्यात आली.

गणेशखिंडीतील वास्तूचा आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला चढे भाव आले होते आणि त्या सुबत्तेच्या भरात हे काम हाती घेतले गेले. पुढे तेजी ओसरली, खर्च मात्र वाढतच गेला व त्यावर थेट ब्रिटिश संसदेत टीका झाली.

या वास्तूविषयीचे लेखन बहुधा मनोरा आणि नृत्यदालन यांपाशीच थांबते. वस्तुतः तिची रचना समजून घ्यावयाची तर घोडागाडीपासून प्रारंभ करावा लागतो. गव्हर्नरांचा येथील मुक्काम मुख्यतः पावसाळ्यातला. भर पावसात पाहुण्यांना न भिजता उतरता यावे म्हणून दाराशी गाडी उभी राहील असा छत असलेला द्वारमंडप आवश्यक ठरतो. त्याची उंची टपावर बसलेल्या गाडीवानाच्या मापाने ठरते, तर गाडी मागे न घेता पुढे निघून जावी म्हणून रस्त्याला वळण द्यावे लागते. मुंबईच्या गव्हर्नरांचे घोडेस्वार अंगरक्षक दलही १८६५ साली, म्हणजे बांधकाम चालू असतानाच, उभारले गेले.

२२ जून १८९७ रोजी याच निवासात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. तेथून परतणाऱ्या रँडच्या घोडागाडीवर मागून चढून दामोदर चापेकर यांनी गोळी झाडली. त्या रात्रीचा इतिहास गणेशखिंडीच्या रस्त्याशी आणि गाड्यांच्या ये-जा करण्याशी असा जखडलेला आहे.

तत्कालीन इंग्रजी निवासांत पागा, गाडीखाना व मोतद्दारांच्या खोल्या मुख्य घरापासून दूर ठेवण्याची रीत होती. दुर्गंधी व माश्या दालनांकडे येऊ नयेत, हे त्यामागील व्यावहारिक कारण. तथापि या अंतराने मालक आणि चाकर यांच्यातील दरीही जमिनीवर आखली जाई. पागेची फरसबंदी उतरती असे, जेणेकरून पाणी व मूत्र नाल्यात वाहून जावे. झरोके घोड्याच्या डोक्याहून वर असत, त्यामुळे झोत अंगावर न येता हवा खेळती राही. मोटारी आल्यावर असे बांधकाम निरुपयोगी ठरून त्याचे कोठारांत रूपांतर होणे किंवा ते पाडले जाणे सोपे झाले. मुख्य इमारतींच्या जतनावर निधी खर्च होत असताना अशा दुय्यम बांधकामांची मोजणीदेखील होऊ नये, ही उणीव गंभीर म्हटली पाहिजे.

अशा परिसरांचे सर्वेक्षण हाती घेणाऱ्यांनी गाडी जाईल एवढ्या रुंदीचे, पुढे चिणून अरुंद केलेले दरवाजे, फरशीचा उतार, भिंतीतील लोखंडी कड्या आणि दगडी नाल्या यांची नोंद प्रथम घ्यावी. भिंतींना गिलावा झाला, फरशीवर काँक्रीट पडले, की या खुणा नाहीशा होतात.