पिनकोड संपतो तिथून पुढे

पेडणे 403512, डिचोली 403504. टपालाच्या हिशेबात या दोन गावांत फरक शेवटच्या दोनच आकड्यांचा. 403 म्हणजे गोवा; पुढचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. साखळी डिचोली तालुक्यातच येते, पण तिचा पिन 403505. तेव्हा साखळीच्या पत्त्यात तालुका ठळक आणि पिन डिचोलीचा लिहिला, तर पत्र आधी डिचोली पाहून येणार! पिनकोडची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, ती टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून.

पिनचं काम पोस्टाच्या दारात संपतं. आत पिशवी सोडली, की प्रत्येक माणसाचा न्याय वेगळा. एकाचं पत्र घरपोच. दुकानदाराने पोस्ट बॉक्स घेतलाय, त्याचं तिथे. कोणी मुंबईला मुलाकडे राहायला गेलाय आणि पत्ता बदलल्याचा अर्ज देऊन गेलाय; त्याचं पत्र पुन्हा प्रवासाला. ठावठिकाणा नसलेल्या प्रवाशाचं ‘पोस्ट रेस्टांट’ म्हणून कार्यालयातच थांबतं. यातलं थोडं कागदावर असतं, बरंचसं पोस्टमनच्या डोक्यात. एका वाड्यावर एकाच नावाचे दोन नाईक असले, तर कोणाची पेन्शन आणि कोणाची बँकेची नोटीस, हे पिन सांगत नाही.

ईमेलचंही हेच. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये नाव आणि यंत्र यांच्यामध्ये @ घातला. उजवीकडचा भाग पिनसारखा: मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायची, एवढंच तो सांगतो. डावीकडच्या नावाचा अर्थ वाटेतल्या कोणी लावायचा नाही, असा नियमच आहे. तो हक्क शेवटच्या सर्व्हरचा. त्याच्याकडे नाववार तक्ता असतो: अमक्याची मेल इथल्याच पेटीत, तमक्याची त्याच्या दुसऱ्या पत्त्यावर, ‘हिशेब’ या नावाची चौघांना, ‘तक्रार’ची थेट एका प्रोग्रॅमच्या हाती, जो तिला क्रमांक देऊन नोंदवतो.

गोम क्रमात आहे. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये लिहायला घेतलेल्या एक्झिम या मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये तक्त्यातले नियम लिहिलेल्या क्रमानेच तपासले जातात. ‘सगळ्यांची मेल पेटीत’ ही ओळ सर्वांत वर ठेवली, की खालच्या एकट्यादुकट्याच्या सोयीपर्यंत गाडी पोचतच नाही. चूक दिसतही नाही. मेल मिळते, फक्त भलतीकडे.

दुसरी फजिती चक्राची: ऑफिसची मेल घरच्या पत्त्याकडे वळवली, घरची ऑफिसकडे. जुन्या पाकिटांच्या पाठीवर वाटेतल्या पोस्टांचे शिक्के उमटत, तशी प्रत्येक सर्व्हर मेलवर आपली ओळ जोडतो. पोस्टफिक्स हा दुसरा मेल सर्व्हर प्रोग्रॅम त्या ओळी मोजतो आणि मूळ मांडणीत 50 च्या पुढे मेल परत पाठवतो.

तक्ता मात्र आपणहून बदलत नाही. गाव सोडताना पोस्टात अर्ज द्या. आणि ऑफिस सांभाळत असाल तर सोडून गेलेल्यांची मेल अजून कुठे जातेय, ते उद्या एकदा बघून घ्या.