मालाला वाट, माणसाला कुंपण!

कोरोना महामारीच्या काळात जगाने आफ्रिकेवर अन्याय केला, हे आता सर्वमान्य झाले आहे. श्रीमंत राष्ट्रांनी लसींचे साठे करून ठेवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्सवाना व दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन हा नवा विषाणूप्रकार शोधून प्रामाणिकपणे जगाला कळविला, तर युरोप-अमेरिकेने त्या भागातील प्रवाशांनाच दारे बंद केली! या अन्यायाचा निषेध झालाच पाहिजे. परंतु आम्हाला येथे दुसरा प्रश्न विचारायचा आहे. या राष्ट्रांनी आपल्याच भूमीवरील गरिबांना कसे वागविले?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील १६ राष्ट्रांची ‘सॅडेक’ ही संघटना आहे. तिचे मूळ १९८० च्या लुसाका परिषदेत आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीच्या आर्थिक दावणीतून सुटण्यासाठी नऊ राष्ट्रे तेव्हा एकत्र आली. १९९२ मध्ये विंडहोक येथे करार होऊन संघटनेला आजचे रूप मिळाले आणि वर्णद्वेष संपल्यावर १९९४ मध्ये खुद्द दक्षिण आफ्रिका तिच्यात दाखल झाली. काळ्या माणसाच्या मुक्तिलढ्यातून ही संघटना जन्मली, हे विसरता येणार नाही.

महामारी येताच एप्रिल २०२० मध्येच संघटनेच्या मंत्रिपरिषदेने सीमापार वाहतुकीसाठी समान मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. झांबिया, झिम्बाब्वे, मलावी, बोत्सवाना यांना समुद्रकिनारा नाही. ट्रक थांबले तर औषध आणि धान्य थांबते. तेव्हा हा निर्णय योग्यच होता. अंमलबजावणीत गोंधळ झाला, चाचण्यांसाठी नाक्यांवर ट्रकचालकांचे अतोनात हाल झाले. तरीही मालाची वाट चालू राहिली.

मात्र माणसाची वाट बंद झाली. या भागात लाखो लोक डोक्यावर नाहीतर पाठीवर बोचके घेऊन सीमा ओलांडतात, पलीकडून माल आणतात आणि विकून घर चालवितात. त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. मोझांबिकमध्ये या व्यापाराला ‘मुखेरो’ म्हणतात. ट्रकभर माल असेल तर तो ‘अत्यावश्यक’. बाईच्या बोचक्यातील तेल-साबण मात्र अत्यावश्यक नाही! जानेवारी २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने २० सीमानाके बंद केले, तेव्हाही मालवाहतुकीला सूट होती.

त्याआधी, मार्च २०२० मध्ये, झिम्बाब्वेच्या सीमेवर बेटब्रिज येथे दक्षिण आफ्रिकेने ४० किलोमीटरचे कुंपण घातले. त्यावर सुमारे ३ कोटी ७० लाख रँड खर्च झाले. कुंपण निकृष्ट निघाले, लोकांनी ते कापले आणि शेवटी भ्रष्टाचाराची चौकशी लागली. ज्या शेजाऱ्यांनी वर्णद्वेषाच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यसैनिकांना आसरा दिला, त्यांच्याच लेकरांसाठी हे कुंपण!

हे महामारीमुळे घडले, असे कोणी म्हणेल. कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्हाला ते मान्य नाही. व्यापाराचा करार १९९६ मध्ये झाला, तो २००० पासून लागू आहे. माणसांच्या ये-जा करण्याचा करार २००५ मध्ये झाला. पुरेशा राष्ट्रांनी त्याला मंजुरीच दिली नाही, म्हणून महामारी आली तेव्हा तो कागदावरच होता. मालाला कायद्याचे संरक्षण होते, माणसाला नव्हते.

मग दाद कोठे मागायची? विंडहोक येथे संघटनेचे न्यायाधिकरण होते. स्वदेशातील उपाय संपल्यावर सामान्य नागरिकही तेथे जाऊ शकत असे. २००८ मध्ये या न्यायाधिकरणाने जमिनीच्या प्रकरणात गोऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने, झिम्बाब्वे सरकारविरुद्ध निकाल दिला. वसाहतवाद्यांनी बळकावलेल्या जमिनीचे फेरवाटप ही न्याय्य मागणी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु निकाल पटला नाही म्हणून न्यायालयच बंद करायचे काय? २०१० मध्ये राष्ट्रप्रमुखांनी ते स्थगित केले. २०१४ च्या नव्या मसुद्यात तर फक्त राष्ट्रांमधील वादच ठेवले, नागरिकाला वगळले. यातील आपल्या राष्ट्राध्यक्षांचा सहभाग घटनाबाह्य होता, असे दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही दार उघडले नाही. गोऱ्या जमीनदारांना वकील, पैसा आणि परदेशातील मित्र होते. दार बंद झाल्याची खरी किंमत बोचकेवाल्या बाईने मोजली.

ऑगस्ट २०२० मध्ये, महामारी ऐन भरात असताना, याच राष्ट्रप्रमुखांनी २०५० पर्यंतच्या विकासाचे संकल्पचित्र मंजूर केले. उद्योग, रस्ते, बाजारपेठ हे सर्व हवेच. मात्र सीमेवर अडविलेल्या बाईला त्या विकासात जागा कोणती? माणसांच्या ये-जा करण्याचा करार अमलात आणा, नागरिकाला न्यायाधिकरणाचे दार पुन्हा उघडा आणि पुढच्या महामारीच्या नियमांत ट्रकाबरोबर तिच्या बोचक्याचीही नोंद करा. एवढे झाले, तरच लुसाकाचे वचन पाळले असे म्हणता येईल.