चावी कोणाच्या हाती?
बेदरकार वाहन चालविणारी तरुण मुले आणि आपण पालक

प्रतिवर्षी या अहवालाद्वारे संस्थेचा जमाखर्च आम्ही देणगीदार, विश्वस्त आणि हितचिंतक यांच्यापुढे सादर करीत असतो. औषधे, शस्त्रक्रिया, प्राणवायू, कर्मचाऱ्यांचे वेतन या सर्वांची नोंद ताळेबंदात यथास्थित होते. तथापि एक खर्च असा आहे की, तो कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा अपघात विभागात आणला जातो आणि त्याचे आईवडील बाहेरच्या बाकावर बसून राहतात, तेव्हा त्या घराचे जे नुकसान होते ते कोणत्या खात्यात मांडावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. या विषयावर डॉक्टर मंडळी वैद्यकीय अंगाने लिहितातच. आम्ही प्रशासनातील माणसे. रुग्णाइतकाच आमचा संबंध त्याच्या नातेवाइकांशी येतो. संमतिपत्रावर सही करताना, अनामत रक्कम भरताना ते जे बोलतात, ते आमच्या कानी पडते. त्या बोलण्यातूनच हा लेख सुचला.

बाकावर ऐकू येणारे वाक्य

"आम्ही त्याला सांगितलं होतं." बहुतेक पालकांच्या तोंडी हे एकच वाक्य असते, आणि ते खरेही असते. सांगितलेले असतेच. मग ते ऐकले का गेले नाही?

काही वर्षांपूर्वीची एक हकीकत आम्ही विसरू शकत नाही. गोदाकाठच्या भागातील एका शेतकरी गृहस्थांनी कापूस विकून आलेल्या पैशांतून मुलास मोटारसायकल घेऊन दिली. महाविद्यालय दूर, एस.टी. वेळेवर नाही, तेव्हा गाडीची गरज खोटी नव्हती. पुढे मुलगा गाडी सुसाट पळवतो, असे गावातील दोघातिघांनी येऊन सांगितले. वडील रागावले. एकदा तो घसरून पडला, गुडघे फुटले. वडील पुन्हा रागावले आणि दुरुस्तीचे पैसेही त्यांनीच भरले. त्यानंतर ऊसतोडीच्या हंगामात, रात्री मित्राकडून जेवून परतताना, रस्त्याच्या कडेला दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर तो मागून आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते.

मुलगा वाचला. आज तो हिंडतो फिरतो, घरच्यांना ओळखतो. पण बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडतो, आणि त्याचे शिक्षण सुटले ते सुटलेच. घरी सोडण्याच्या दिवशी त्याचे वडील हिशेबाच्या खिडकीशी उभे होते. पावती हाती घेत ते म्हणाले, "साहेब, लेकराला मी शंभरदा सांगितलं. पण रोज सकाळी चावी मीच देत होतो."

या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगून टाकले आहे. सांगणे आणि अट घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण पालक पहिली गोष्ट भरपूर करतो आणि दुसरी टाळतो.

वेगाचा हिशेब

तरुण मुलांस वाटते की, वेग दुप्पट केला तर धोकाही फार तर दुप्पट होईल. हा हिशेब चुकीचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. ताशी ८० वेगाने २२ मीटर. पुढे अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद तरी जातो. ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर मात्र वेग दुप्पट होताच चौपट होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या ब्रेकसह, ४० च्या वेगातील गाडी एकूण २० मीटरच्या आसपास थांबते. ८० च्या वेगातील गाडीस ६० मीटरच्या आसपास अंतर लागते. दुचाकीच्या दिव्याच्या खालच्या झोतात काळोखात उभी असलेली ट्रॉली बहुधा इतक्या दुरून दिसत नाही. म्हणजे ती दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मुलाचे कौशल्य कितीही असो, हे गणित बदलत नाही.

आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील उसाच्या ट्रॉल्या, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून बाहेर पडणारे सळयांचे ट्रक, चतुर्थीस राजूरच्या गणपतीस पायी निघालेले भाविक, हे सर्व एकाच रस्त्यावर असतात. डिसेंबर २०२२ पासून आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही वाहू लागला. त्यावर दुचाकीस बंदी आहे. परंतु मोटारींसाठी असलेली ताशी १२० किलोमीटरची मर्यादा पाहून आलेला तरुण गावच्या रस्त्यावरही तोच वेग डोक्यात घेऊन उतरतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते, आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,००० च्या वर होती. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्यास इजा होण्याचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा संभव ४२ टक्क्यांनी घटतो, असे जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. या किमतीत इतका परतावा देणारी दुसरी वस्तू आमच्या वाणिज्य शाखेच्या अभ्यासातही आढळली नव्हती.

मुलगा ऐकत का नाही?

तो वाईट आहे म्हणून नव्हे. मेंदूचा जो पुढचा भाग परिणामांचा विचार करतो आणि आवेगास आवर घालतो, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. थराराची ओढ मात्र त्याच्या बरीच आधी जागी होते. शिवाय सोबत मित्र असले म्हणजे तरुण मुले एकटी असतानापेक्षा अधिक धोका पत्करतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणूनच घरी नम्र असलेला मुलगा तिघांना बसवून निघाला की निराळाच होतो आणि आईस ते खरेच वाटत नाही.

यातून पालकांनी घ्यावयाचा बोध असा की, केवळ उपदेशावर विसंबू नये. जेथे मुलाचा आवर अपुरा पडतो, तेथे घराची व्यवस्था उभी राहिली पाहिजे.

कायदा कोठवर पोहोचतो?

दि. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा होता. त्यास जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पालकांनाही अटक झाली. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आमच्या दृष्टीने विचार करण्याजोगी गोष्ट एवढीच की, महागडी मोटार असो वा कापसाच्या पैशाची मोटारसायकल, दोन्ही घरांत चावी मुलाच्या हाती पडण्याचा एक क्षण येतोच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की ही तरतूद लागू होत नाही. मात्र वाहन वडिलांच्या नावे असेल, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून वडीलच प्रतिवादी होतात. विमा संपलेला असेल तर भरपाईचा बोजा मालकावर पडतो. चालविणाऱ्याकडे परवाना नसेल तर विमा कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा घ्यावाच लागतो. त्यानंतरच्या नूतनीकरणाचा मात्र अनेकांस विसर पडतो. कपाटातील कागद आजच काढून पाहावा, ही विनंती.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, ज्यात स्वतःच्याच बेदरकार चालविण्याने मृत्यू पावलेल्या चालकाच्या कुटुंबाने विमा कंपनीकडे भरपाई मागितली होती. दि. ५ मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळू शकतात, ही मोठीच सोय होय. परंतु मेंदूची इजा सात दिवसांत बरी होत नाही.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, रागाच्या भरात बोलू नये. मुलगा रात्री उशिरा आला असेल तर त्यास जेवू घालावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे बोलावे. कोणत्या रस्त्याने आलास, मागे कोण होते, कोठे ब्रेक दाबावा लागला, हे विचारावे. आरोप केला की तो गप्प होतो. विचारले की बहुधा बोलतो.

दुसरी गोष्ट, अटी आधी ठरवाव्यात आणि थोड्याच ठरवाव्यात. हेल्मेटशिवाय चावी नाही. तिसरा माणूस गाडीवर नाही. गाडी चालविताना फोन नाही. ठरावीक वेळेनंतर गाडी बाहेर नाही. गाडीची चावी मुलाच्या खिशात न राहता घरातील एका खिळ्यावर राहील. अट मोडल्यास काय होईल तेही आधीच सांगावे: पंधरा दिवस गाडी बंद, दंड त्याच्या स्वतःच्या पैशांतून. एकदा ठरले की वडिलांनी आवळावे आणि आईने सोडावे, किंवा आजीने हळूच चावी द्यावी, काकांनी आपली गाडी द्यावी, असे होऊ नये. घराचे एकमत नसेल तर मुलास फट सापडतेच.

तिसरी गोष्ट, परतीचा मार्ग खुला ठेवावा. "उशीर झाला, मित्र प्यायला असेल, तुला स्वतःला बरे वाटत नसेल, तर कितीही वाजता फोन कर. मी न्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही." हे वाक्य प्रत्येक वडिलांनी एकदा तरी उच्चारावे आणि वेळ आली तर पाळावे.

चौथी गोष्ट अवघड आहे. मुलगा वाहन चालविणे आपल्याकडूनच शिकतो. लहानपणी ज्यास आपण हेल्मेटविना टाकीवर पुढे बसवून बाजारात नेले, ज्याने आपल्याला खांद्याशी मान दाबून फोनवर बोलताना पाहिले, त्यास आपला उपदेश पोकळ वाटल्यास नवल नाही. येथे आम्हीही निर्दोष नाही. रुग्णालयाच्या आवारात सकाळी येणाऱ्या आमच्याच कर्मचाऱ्यांच्या दुचाकींवर हेल्मेट कित्येकदा आरशास लटकलेले दिसते.

पाचवी गोष्ट, कोठे थांबावे हे ओळखावे. वारंवार अपघात होत असतील, मद्य घेऊन वाहन चालविले जात असेल, तर अटी पुरेशा नाहीत. गाडी विकून टाकावी. वाहन आपल्या नावे असेल तर तो अधिकारही आपलाच आहे. लहानपणापासून अतिचंचल व उतावीळ असलेल्या मुलांस मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला उपयोगी पडतो. काही घरांत "गाडी दिली नाही तर जिवाचं बरं-वाईट करीन," अशी धमकी ऐकावी लागते. ती थट्टेवारी नेऊ नये, आणि भयापोटी गाडीही देऊ नये. मुलास एकटे सोडू नये व तातडीने मदत घ्यावी. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी अहोरात्र उपलब्ध आहे.

शेवटी

ज्या पालकांची मुले आज आमच्या खाटांवर आहेत, त्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. बाकावर बसलेल्या आईस कोणी हिशेब विचारू नये. त्या वेळी तिला चहाचा पेला आणि खरी माहिती एवढेच द्यावे, असे आम्ही आमच्या कर्मचाऱ्यांस सांगत असतो. हा लेख ज्यांच्या घरी मुलगा आज संध्याकाळी सुखरूप परत येणार आहे, त्यांच्यासाठी आहे.

देणगीदारांच्या औदार्यामुळेच अपघात विभागातील खाटा व यंत्रसामग्री उभी राहिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मात्र एखाद्या वर्षी त्या खाटा रिकाम्या राहिल्या आणि या विभागाचे उत्पन्न घटले, तर ती तूट विश्वस्त मंडळापुढे मांडताना आम्हांस यत्किंचितही संकोच वाटणार नाही. आपल्या घरातील खिळ्यावरची एक चावी त्या तुटीत आपला वाटा उचलू शकते.