झोपलेले काम जागे का झाले नाही?

एक सोपे कोडे घेऊ. फळ्यावर ‘अ’ आणि ‘ब’ ही अक्षरे लिहा आणि दोहोंपुढे ० मांडा. आता दोन मुले बोलवा. पहिल्याने ‘अ’चा १ करायचा आणि मग ‘ब’ वाचायचा. दुसऱ्याने ‘ब’चा १ करायचा आणि मग ‘अ’ वाचायचा. कोणी घाईने करो, कोणी सावकाश. दोघांनाही शून्यच वाचायला मिळेल, असे कधी होईल का?

तुम्ही म्हणाल, मुळीच नाही. ज्याचे लिहिणे नंतर झाले, त्याने वाचण्यापूर्वी दुसऱ्याचे लिहून झालेलेच असणार. म्हणजे निदान त्याला तरी १ दिसला पाहिजे. तर्क अगदी बिनचूक आहे. तरीही आजच्या संगणकातल्या दोन प्रोसेसरांना हेच काम लाखो वेळा करायला सांगितले, तर मधूनच एखाद्या फेरीत दोघेही शून्य घेऊन परत येतात!

याचे मूळ प्रोसेसरच्या घाईत आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीपर्यंत एक खेप करायची तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३०० ठोके जातात. तेवढा वेळ हात बांधून कोण बसणार? म्हणून लिहायचा अंक प्रोसेसर स्वतःजवळच्या एका छोट्या रांगेत टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. या रांगेला ‘स्टोअर बफर’ म्हणतात. रांगेतला अंक यथावकाश स्मृतीत पोचतो.

फळ्याच्या खेळात हा बदल करून पाहा. मुलांनी स्वतः फळ्यावर लिहायचे नाही. चिठ्ठी लिहून शिपाईमामांच्या हाती द्यायची आणि लगेच फळा वाचायचा. दोन्ही चिठ्ठ्या वाटेत असतानाच दोघांनी फळा पाहिला, तर काय दिसेल? शून्य आणि शून्य! (शिपाईमामांचे काम गुरुजींनी केले तर वर्गाला अधिक मजा येईल.)

प्रोसेसर एकटाच असेल तर काही बिघडत नाही, कारण स्वतःच्या चिठ्ठ्या त्याला ठाऊक असतात. पण प्रत्येक प्रोसेसर आपापल्या परीने बरोबर वागला, तरी सगळे मिळून बरोबर वागतीलच असे नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७९ साली एका छोट्या लेखात ही गोष्ट नेमकी मांडली.

आता ही गंमत जिथे अंगाशी येते तिथे जाऊ. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, एकाच वेळी शेकडो कामे सांभाळते. समजा, एक काम डिस्कवरून माहिती येण्याची वाट पाहत आहे. ते आधी ‘मी झोपलो आहे’ अशी पाटी लावते, मग माहिती आली का ते एकदा शेवटचे पाहते, आणि आली नसेल तर झोपी जाते. दुसऱ्या प्रोसेसरवर माहिती आणणारा आधी ‘माहिती आली’ अशी खूण करतो, मग पाटी पाहतो, आणि पाटी दिसली तर झोपलेल्याला उठवतो. ओळखलेत ना? हे आपलेच कोडे! दोघांनाही शून्य दिसले, की झोपणारा म्हणतो ‘माहिती आलेली नाही’ आणि उठवणारा म्हणतो ‘कोणी झोपलेले नाही’. एक कायमचा झोपतो आणि दुसरा निघून जातो. पडद्यावर चुकीचा संदेशही येत नाही, नुसते काम अडकून राहते. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की सारे सुरळीत! हजार वेळा तपासणी केली तरी दोष सापडेलच असे नाही.

यावर उपाय म्हणजे ‘मेमरी बॅरियर’ नावाची आज्ञा. आपण तिला अडसर म्हणू. ‘आधीची चिठ्ठी फळ्यावर लागल्याशिवाय पुढचे वाचू नकोस’, असे हा अडसर प्रोसेसरला बजावतो. मग सगळीकडे अडसर का घालू नये? कारण दर वेळी थांबावे लागते आणि घाईचा सारा फायदा जातो. शिवाय प्रत्येक प्रोसेसरच्या खोडी वेगळ्या. इंटेलच्या प्रोसेसरवर साधी लिहिणी क्रमानेच दिसतात. मोबाइलमधल्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर दोन लिहिण्यांचा क्रमही उलटा दिसू शकतो.

पण मला सर्वांत अवघड वाटते ते पुढचेच. अडसराची ओळ वाचणाऱ्याला निरुपयोगी वाटते. साफसफाई करताना एखाद्याने ती काढून टाकली, तर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात आणि खोट पुढे कधीतरी उघडी पडते! म्हणून लिनक्स या कार्यप्रणालीत शिस्त अशी, की प्रत्येक अडसराशेजारी तो का घातला आणि त्याचा जोडीदार कुठे आहे, हे टिपणीत लिहायचे. टिपणी नसेल तर तपासणीची आज्ञावली कुरकुर करते.

या खाचखळग्यांची एक सविस्तर नोंद डेव्हिड हॉवेल्स यांनी २००६ साली लिनक्समध्ये घातली. पुढे पॉल मॅकेनी आदींनी ती वाढवली. हे काटेकोर नियमपुस्तक नव्हे, ते अपुरे आहे आणि काही अंशी माणसांनी लिहिल्यामुळे अपुरे आहे, असे लेखकांनी आरंभीच सांगितले आहे. एवढा प्रांजळपणा तांत्रिक कागदांत क्वचितच दिसतो.

साध्या भाषेतले नियम मात्र निसरडे असतात. १९९९ साली लिनक्सवाल्यांत वाद झाला. सामाईक माहितीवर लावलेले ‘कुलूप’ उघडताना इंटेलच्या प्रोसेसरवर साधे लिहिणे पुरते, की खास महागडी आज्ञा हवी? खुद्द लिनस टोरव्हाल्ड्स यांना साधे लिहिणे धोक्याचे वाटत होते. अखेर इंटेलच्या एका अभियंत्याने खुलासा केला, की ते पुरते. छापील पुस्तिकेवरून हे ठरत नव्हते! पुढे केंब्रिजच्या पीटर स्यूएल आणि सहकाऱ्यांनी या प्रोसेसरांचे नियम गणिताच्या भाषेत मांडले. २०१८ साली लिनक्सचे स्वतःचे नियमही अशाच रूपात आले. आता आपल्यासारखे छोटे कोडे संगणकाला द्यावे, आणि तो सगळे शक्य क्रम तपासून सांगतो, की दोन शून्ये येऊ शकतात की नाही.

तुम्हीही तेच करून पाहा. फळ्याच्या खेळात अडसर फक्त पहिल्या मुलाला घाला. त्याने आपली चिठ्ठी फळ्यावर लागेपर्यंत थांबायचे, दुसऱ्याला मोकळीक. आता दोन शून्ये येतील का? येत असतील तर चिठ्ठ्यांचा आणि वाचनांचा क्रम वहीत मांडून दाखवा.