डबीवरचं 'अल्कोहोल' म्हणजे दारू का?

गळ्यात माळ असलेल्या बायका आम्हाला हटकून एक प्रश्न विचारतात. टाचेच्या भेगांसाठी क्रीम आणलं, लेकीनं डबीवरचं इंग्रजी वाचलं, तर त्यात अल्कोहोल! आता ते अंगाला लावायचं कसं?

शंका रास्त आहे. पण अल्कोहोल हे एकाच पदार्थाचं नाव नाही, ते आडनाव समजा. एका आडनावाची सगळीच माणसं पिणारी नसतात. म्हणून त्याच्या आधीचा शब्द वाचायचा.

सेटिल, स्टिअरिल किंवा सेटेअरिल असं काही आधी असेल, तर ती दारू नव्हे. मेणासारखे पांढरे पापुद्रे असतात ते, आज बहुतेक पाम किंवा खोबरेल तेलापासून काढलेले. क्रीममधलं तेल आणि पाणी फुटू नये, कातडी मऊ राहावी म्हणून घालतात. त्यानं नशा येत नाही. गंमत म्हणजे सेटिल हे नाव देवमाशाच्या लॅटिन नावावरून आलं, कारण पूर्वी तो देवमाशाच्या डोक्यातल्या चरबीपासून काढत.

नुसतं अल्कोहोल, अल्कोहोल डिनॅट, इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. हे पातळ, भुर्रकन उडणारं. लावल्यावर गार वाटतं, पण प्रमाण जास्त असेल तर कातडी कोरडी पडते आणि भेगांवर झोंबतं. इथेनॉल म्हणजे दारूतलंच अल्कोहोल. डिनॅट म्हणजे तेच, पण कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू किंवा अपायकारक पदार्थ मिसळलेले. अत्तराचे फवारे, दाढीनंतरचं लोशन, सॅनिटायझर यांत ते असतं. सॅनिटायझर चोळून लगेच चुलीपाशी बसू नका, ओल्या हातांना जाळ लागू शकतो. बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

किती आहे, हेही साधारण कळतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जास्त प्रमाणाचा घटक आधी लिहितात, 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कसेही. म्हणजे हे उडणारं अल्कोहोल पहिल्या तीन-चार नावांत असेल तर सुकलेल्या कातडीला ते नको. बेन्झिल अल्कोहोल बहुधा तळाशी दिसतं, ते माल टिकावा म्हणून. लॅनोलिन अल्कोहोल मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून येतं. या दोन्हींनी काहींना खाज सुटते, तेव्हा नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस पाहा.

'अल्कोहोल-फ्री' छापलेल्या डबीतही सेटिल सापडेल. ती फसवणूक नाही, तिथं बहुधा इथेनॉल नाही एवढंच सांगायचं असतं.

आणि डबीचं खोकं लगेच चुलीत घालू नका. पुष्कळदा घटकांची यादी त्यावरच असते.